झिर्कोनियाचे पैसे, धातूची कॅप

आईच्या दाढेच्या इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंटीवर, कॅप बसवायची वेळ आली तेव्हा क्लिनिकनेच धातूची भीती घातली. "काकू, तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे ना? मग धातू नकोच, झिर्कोनिया घ्या." झिर्कोनिया म्हणजे दातासारखं पांढरं सिरॅमिक. आईने नकली कानातले घातले की पाळ्या चिघळतात, हे तिने फॉर्मवर लिहून दिलं होतं. जास्तीचे पैसे भरले. बिलावर मात्र नुसतंच 'क्राउन'. झिर्कोनियाचं वॉरंटी कार्ड? "लॅबकडून आलं की देतो."

पुढे कॅपच्या कडेची हिरडी लालभडक झाली, ब्रश लागला की रक्त. यावर क्लिनिकचं निदान एक्स-रेसुद्धा न काढता तयार: "टायटॅनियम सोसत नाहीये, इम्प्लांट काढून नवीन टाकू." खर्च अर्थात आमचा. एकच भीती किती वेळा विकायची!

दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रू सोडवून कॅप आईच्या तळहातावर ठेवली. वरून छान पांढरी, उलटी केली तर आत करडा, चकचकीत धातू. म्हणजे धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली स्वस्तातली कॅप. असल्या कॅपमध्ये आपल्याकडे सर्रास निकेल-क्रोमियम असतं. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या चाचणीत आईला निकेलचीच अ‍ॅलर्जी निघाली. खालचं इम्प्लांट हाडात घट्ट होतं.

संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये स्वीडनमध्ये रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियम बसवलं, तेव्हापासून ते वापरात आहे. हाड त्याला धरून ठेवतं आणि त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच आढळते. इम्प्लांटभोवती पू होतो तो बहुधा साचलेल्या घाणीमुळे. तंबाखू आणि हाताबाहेर गेलेली साखर त्यात भर घालतात. त्यामुळे कुणी "धातू बाधला" म्हणून घट्ट बसलेलं इम्प्लांट उपटायला निघालं, तर आधी एक्स-रे मागा आणि दुसरीकडे दाखवा.

इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते आपल्या फाइलला लावून घ्या. कॅप कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या. झिर्कोनियाचं वॉरंटी कार्ड हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आम्ही बिलावर भांडलो असतो तर बरं, पण तोंडात कापूस कोंबलेला असताना आई काय भांडणार?

क्लिनिक आता "लॅबची चूक" म्हणतंय. फरकाची रक्कम परत देतो, पण तक्रार करणार नाही असं लिहून द्या, अशी अट आहे. सही केलेली नाही. कॅप, फॉर्मची प्रत आणि चाचणीचा रिपोर्ट घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे.