प्रमाणपत्र न देता परत पाठवणारे पीयूसी केंद्र

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आमची पेट्रोलवर चालणारी मोटार पीयूसीसाठी नेली, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या तरुणाने यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडात व्यवस्थित आतपर्यंत सारली, पडद्यावरचे आकडे दोनदा पाहिले आणि प्रमाणपत्र देण्यास नकार दिला. आकडे वाईट नव्हते. पंधरा वर्षे जुन्या गाडीच्या मानाने ते फारच चांगले होते, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याला शंका आली. धुरात ऑक्सिजनचे प्रमाण नको तितके जास्त दिसत होते. त्याने एक ओले गोणपाट घडी करून सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरले, तेव्हा गाडीच्या पोटाखालून फुस्स असा आवाज स्पष्ट ऐकू आला. सायलेन्सरच्या मधल्या डब्याजवळचा सांधा गंजून तिथे करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. तो म्हणाला, "काका, बाहेरची हवा आत शिरतेय, म्हणून आकडा कमी दाखवतोय. आधी हे जोडून आणा, मग परत नळी घालू. आणि तोपर्यंत काचा बंद करून गाडी चालवू नका."

गुहागरहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, एका गॅरेजला लागून असलेल्या या लहानशा केंद्रात मी चार वर्षांपासून जातो. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्याची जाहिरात करायची नाही. आपल्या भागात वाहन तपासणीचे ठिकाण कसे शोधावे, कशावरून पारखावे आणि तिथे कधी जावे, हे या एका ठिकाणाच्या अनुभवातून नीट मांडता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या तरुणाने काचांबद्दल दिलेली सूचना मला त्या दिवशी सर्वांत महत्त्वाची वाटली. गळक्या सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. खालचा पत्रा सडलेला असेल, तर तो गाडीच्या आत शिरतो आणि बसलेल्याला काही कळत नाही. पत्नी आणि वृद्ध आई याच गाडीतून दर महिन्याला डॉक्टरांकडे जातात. दोन दिवसांनी सांधा वेल्डिंग करून मी परत गेलो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ०.३८ टक्के आला. आमच्या गाडीच्या पिढीला, म्हणजे भारत स्टेज ३ (धुराच्या सरकारी मानकांचा तिसरा टप्पा) च्या पेट्रोल मोटारीला, ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ७५० पीपीएम (दहा लाख भागांत ७५० भाग) हायड्रोकार्बन अशी मर्यादा आहे. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारींना ती ०.३ टक्के आणि २०० पीपीएम इतकी कडक आहे. गाडी पास झाली, मी १२५ रुपये दिले आणि पावती घेतली. पहिल्या दिवशीच्या तपासणीचे पैसे त्याने घेतले नव्हते. वेल्डिंग त्याच्याच शेजारच्या गॅरेजमध्ये करावे, असा आग्रहही धरला नव्हता.

याच्या अगदी उलट अनुभव मला त्याआधी महामार्गावरच्या एका केंद्रावर आला होता. तिथे गाडीचे इंजिनसुद्धा बंद ठेवून फक्त नंबरप्लेटचा फोटो काढला गेला आणि पाच मिनिटांत छापील कागद हातात पडला. त्या वेळी वेळ वाचल्याचा मला आनंद झाला होता, हे मान्य करतो. पण त्या कागदावर छापलेले आकडे माझ्या गाडीचे नव्हते आणि माझ्या गाडीत काय बिघडले आहे हे मला त्यातून कधीच कळले नसते. पेट्रोल गाडीची खरी तपासणी इंजिन गरम असताना होते आणि नळी किमान ३०० मिलिमीटर आत जावी लागते. डिझेल गाडीत धूरमापक लावून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबावा लागतो आणि ते अनेकदा करून सरासरी काढली जाते. हे सगळे डोळ्यांसमोर घडत नसेल, तर तो कागद घेऊन आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

केंद्र शोधण्याचे काम आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर पीयूसीच्या विभागात राज्य आणि आपले परिवहन कार्यालय निवडले की अधिकृत केंद्रांची यादी मिळते. आमच्या एमएच ०८ साठी रत्नागिरीचे कार्यालय निवडावे लागते, सिंधुदुर्गाच्या एमएच ०७ आणि पेणच्या एमएच ०६ साठी त्या त्या कार्यालयाची यादी पाहावी. प्रमाणपत्र मात्र देशात कुठेही काढले तरी चालते, त्यामुळे आपल्याच जिल्ह्यातले केंद्र हवे असे बंधन नाही. यादी मिळाल्यावर निघण्यापूर्वी फोन करावा आणि आपल्या इंधनाचे यंत्र चालू आहे का, एवढे अवश्य विचारावे. पेट्रोलचे वायू मोजणारे यंत्र आणि डिझेलचा धूरमापक ही दोन वेगळी यंत्रे आहेत. फलकावर दोन्ही लिहिलेली असतात, पण त्यांतले एक बंद पडलेले असते, असे आमच्याकडे वारंवार घडते. टेम्पो घेऊन पंचेचाळीस किलोमीटर चिपळूण गाठावे आणि धूरमापक बंद असल्याचे ऐकून परत फिरावे, हा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे. कागद हाती आल्यावर त्याची नोंद सरकारी यंत्रणेत झाली आहे की नाही, हे गाडीचा नंबर आणि चेसीस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून पोर्टलवर पाहता येते. मी ते केंद्राच्या दारातच पाहतो.

आता तपासणी कधी करावी याविषयी. कायद्याचे वेळापत्रक सरळ आहे. नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्षापर्यंत पीयूसी लागत नाही. त्यानंतर भारत स्टेज ४ आणि ६ च्या वाहनांना दर वर्षी, तर त्याआधीच्या वाहनांना दर सहा महिन्यांनी ते काढावे लागते. ते नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत नमुना २५ भरून अर्ज करायचा, गाडी निरीक्षकांना दाखवायची आणि पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यायचे. मालवाहू वाहनांचे पासिंग मात्र वेगळे. नव्या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र पहिली दोन वर्षे चालते, पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ते घ्यावे लागते. आमचा टेम्पो २०१४ चा असल्याने तो आता दर वर्षी पासिंगला जातो.

परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्याने केवळ या तारखांवर विसंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. देशावरची गाडी आणि आमच्याकडची गाडी यांचे वय सारखे मोजता येत नाही. खारा वारा बाराही महिने पत्र्याला लागलेला असतो. धोपाव्याच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडताना चाकांखाली खारे पाणी असते, आणि जांभ्याची लाल माती मडगार्डच्या आत जाऊन बसली की ती पावसाळाभर ओलीच राहते. चार महिन्यांच्या पावसानंतर हँडब्रेकची केबल अडकलेली असते, ब्रेकच्या चकतीवर गंजाचा थर आलेला असतो, आणि दिव्यांच्या अर्थिंगची जोडणी हिरवी पडून एक दिवा मंद लागतो. आमच्या सायलेन्सरचे भोकही नेमके पावसाळ्यानंतर सापडले. म्हणून दसऱ्याच्या आसपास एक तपासणी करावी, मग प्रमाणपत्राची मुदत राहिलेली असो वा नसो. दुसरी मृग लागण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस करावी, आणि तीत टायर, वायपर आणि ब्रेक यांकडे विशेष लक्ष द्यावे. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली नसावी असा नियम आहे. कुंभार्ली घाटात किंवा परशुराम घाटात भर पावसात उतरताना त्या दीड मिलिमीटरची किंमत कळते.

तिसरी वेळ कोणत्याही वेळापत्रकात बसणारी नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला जो महापूर आला, त्यात आमचा टेम्पो बाजारपेठेच्या जवळ उभा होता आणि पाणी त्याच्या बोनेटच्या वर गेले होते. त्याच्या पासिंगची मुदत त्या दिवशी कित्येक महिने शिल्लक होती. कागद पूर्णपणे वैध होता आणि गाडी पूर्णपणे धोकादायक होती. इंजिनचे तेल बदलून तो सुरू झाला, तेव्हा अनेकांनी मला तो लगेच वापरायला काढण्याचा सल्ला दिला. पण चाके उतरवल्यावर ब्रेक ड्रममध्ये चिखल आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी गढूळ पाणी निघाले. गाडी पाण्यात बुडाली, खड्ड्यात आदळली किंवा धडकली, की तारीख न पाहता ती तपासून घ्यावी.

मालवाहू गाडी असलेल्या बागायतदारांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मार्चपासून मे अखेरपर्यंत हापूसच्या पेट्या वाशीला न्यायच्या असतात आणि त्या काळात एक दिवस गाडी उभी राहिली तरी फळ थांबत नाही. आमच्या टेम्पोचे पासिंग सुरुवातीला एप्रिलमध्ये येत असे, आणि एका वर्षी निरीक्षकांनी मागचे रिफ्लेक्टर आणि डाव्या बाजूचा ब्रेक यांवर बोट ठेवून गाडी परत पाठवली, तेव्हा ऐन हंगामातले चार दिवस हातचे गेले. निरीक्षकांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, चूक माझ्या नियोजनाची होती. आता आम्ही जानेवारीतच गाडी दाखवतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले आहेत. ज्या कार्यालयाच्या हद्दीत असे केंद्र सुरू झाले आहे, तिथे ब्रेक आणि दिव्यांची चाचणी माणसाच्या नजरेऐवजी यंत्रावर होते, त्यामुळे आपले वाहन कुठे न्यायचे हे दर वर्षी अर्ज करतानाच पाहून घ्यावे.

खाजगी गाडीच्या नूतनीकरणासाठी मी रत्नागिरीपर्यंत गेलो नाही. गुहागरहून ते अंतर चिपळूणमार्गे सव्वाशे किलोमीटरहून अधिक पडते. तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाचे शिबिर भरते, तिथे गाडी दाखवली. नूतनीकरणाचे शुल्क ५००० रुपये होते आणि पर्यावरण कर वेगळा. निरीक्षकांनी दिवे, डिपर, इंडिकेटर, वायपर आणि हँडब्रेक पाहिले, पण सर्वांत जास्त वेळ चेसीस नंबर शोधण्यात गेला. खाऱ्या हवेने त्या आकड्यांवर गंजाची खपली धरली होती. त्या दिवशी आमचे काम झाले ते पीयूसी केंद्रातल्या त्याच तरुणामुळे. गाडी शिबिराला न्यायची आहे असे कळल्यावर त्याने मला आठवडाभर आधी तो नंबर घासून, त्यावर पातळ ग्रीस लावून ठेवायला सांगितले होते. रांगेत माझ्या पुढे असलेल्या दापोलीकडच्या एका गृहस्थांचा नंबर काही केल्या वाचता आला नाही आणि त्यांना पुढच्या तारखेला यावे लागणार होते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, हेही तिथे पाहिले गेले.

या केंद्रातल्या त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. पावसाळ्यात वीज किंवा इंटरनेट गेले की काम पूर्ण थांबते, आणि आमच्याकडे ती दोन्ही एकदम जातात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईकरांच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. मागच्या वर्षी मी तिथे दोन तास उभा होतो आणि बसायला सावलीसुद्धा नव्हती. टेम्पोच्या धुराची तपासणी करण्याआधी टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला, हे तो तरुण नेमाने विचारतो आणि ते आठवत नसेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला तयार होत नाही. काही गिऱ्हाइकांना याचा राग येतो, पण झिजलेल्या बेल्टवर इंजिन एकदम पळवले तर ते तिथेच फुटू शकते, हे लक्षात घेतले तर त्याचे बरोबर आहे असेच मला वाटते. डिझेलचे १५० रुपये आणि दुचाकीचे ५० रुपये असा दर भिंतीवर लिहिलेला आहे आणि त्याहून एक रुपयाही जास्त मागितल्याचे मला आठवत नाही.

मोटारीचे पुढचे पीयूसी एप्रिलमध्ये येते. ते मुदतीत काढून घेईनच, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा तिथे जाणार आहे. वेल्ड केलेला सांधा टिकला आहे का, ते पाऊस सुरू होण्याआधी एकदा ओले गोणपाट लावून पाहून देईन, असे त्याने मला सांगून ठेवले आहे.