शेनिन की सोव्हिन्यों? घरच्या घरी चाखलेल्या दोन नाशिककर

शनिवारी नाशिकच्या सुला वाइनरीच्या दोन पांढऱ्या वाइन एकदमच उघडल्या: सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. 2000 साली सुलाने बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन याच द्राक्षांच्या.

सोव्हिन्यों आधी ओतली. फ्रीजमधून थेट काढलेली, त्यामुळे पहिल्या घोटाला नुसता गारवा. वास जवळपास नाहीच. दहा मिनिटं ग्लास ओट्यावर ठेवला आणि मग खरी मजा आली. नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा, ओल्या गवताचा वास. चव लिंबासारखी आंबट, गोडवा जवळपास शून्य. कोथिंबीर वडीबरोबर तर झकासच! तळणीचा तेलकटपणा एका घोटात साफ.

शेनिन वासाला पिकलेल्या पेरूची, जराशी अननसाची. जिभेवर हलका गोडवा रेंगाळतो. वाइन कधीच न घेतलेल्या आमच्या वहिनींनी दुसऱ्यांदा मागितली ती हीच. नुसती प्यायला मात्र मला अर्ध्या ग्लासानंतर कंटाळा येतो. पण समोर तिखट कोळंबी असली की तोच गोडवा कामाला येतो. तिथे सोव्हिन्योंचा आंबटपणा तिखटाला आणखी चेव आणतो.

माझी बाटली सोव्हिन्यों. कोळंबीच्या दिवशी शेनिन.