कंट्रोलरवर चालणारी वायफाय यंत्रणा: दोन वर्षांच्या देखभालीनंतरचे परीक्षण

आमच्या आवारात गेली दोन वर्षे कंट्रोलरवर (सर्व उपकरणांना एका जागेवरून सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावर) चालणारी एक वायफाय यंत्रणा वापरात असून तिचे सुमारे ४०० अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी उपकरणे) वर्ग, वसतिगृहे, ग्रंथालय आणि कार्यालये अशा वीसेक इमारतींत बसवलेले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे लिहिलेले बरेचसे अनुभव या पद्धतीच्या कोणत्याही यंत्रणेत येऊ शकतात. रेंज, वेग आणि भरलेल्या सभागृहातील गर्दी सांभाळण्याची क्षमता याबाबत माझी तक्रार नाही. मात्र एवढ्या मोठ्या जाळ्याची देखभाल करणाऱ्याला यंत्रणेची खरी पारख होते ती एपी एकामागून एक कंट्रोलरपासून तुटू लागल्यावर, आणि अशा वेळी ही यंत्रणा नेमके काय सांगते, याबद्दलच मला लिहायचे आहे.

एपी आणि कंट्रोलर यांचे बोलणे कॅपवॅप या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार चालते. नियंत्रणाचे संदेश यूडीपी या संदेशवहनाच्या पद्धतीच्या ५२४६ या पोर्टवरून (येथे पोर्ट म्हणजे प्रवाहाला दिलेला क्रमांक) आणि वापरकर्त्यांची माहिती ५२४७ वरून जाते. एपी ठरावीक अंतराने आपण जिवंत असल्याची खूण पाठवतो आणि तिला काही वेळा उत्तर मिळाले नाही, की संबंध तुटल्याचे मानून पुन्हा कंट्रोलर शोधू लागतो. आमच्या यंत्रणेच्या लॉगमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) अशा प्रत्येक प्रसंगी ‘हार्टबीट टाइमआउट’ (जिवंतपणाच्या खुणेला वेळेत उत्तर नाही) एवढीच नोंद पडते. वीज गेली, केबल सैल झाली, एपींना जाळ्याशी जोडणारा स्विच अडला किंवा मधल्या फायरवॉलने (रहदारी गाळणाऱ्या यंत्राने) पॅकेट (माहितीचा तुकडा) गिळले, तरी शब्द तेच. पहिले काही महिने आम्ही ही नोंद कारण म्हणून वाचत राहिलो आणि त्यात आमचे बरेच दिवस वाया गेले.

याच यंत्रणेतील एका सोयीने आम्हाला तारले, आणि तिची स्तुती मनापासून करावीशी वाटते. प्रत्येक एपीच्या पानावर दोन कालावधी स्वतंत्रपणे दिसतात: एपी चालू झाल्यापासूनचा काळ आणि तो कंट्रोलरला जोडला गेल्यापासूनचा काळ. दोन्ही आकडे लहान असतील तर एपी बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे, म्हणजे शोध विजेपासून किंवा खुद्द एपीपासून सुरू करायचा. पहिला आकडा ४० दिवसांचा आणि दुसरा १० मिनिटांचा असेल, तर एपी ठणठणीत असून बिघाड वाटेत आहे. ज्या यंत्रणेत हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसत नाहीत, ती मोठ्या आवारासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसतिगृहातील प्रकार याच आकड्यांमुळे उलगडला. तेथे रोज रात्री नऊच्या सुमारास दोन-तीन एपी जात आणि मध्यरात्रीनंतर आपोआप परत येत. दोन्ही काळ लहान दिसले, म्हणून स्विचकडे मोर्चा वळवला. त्या स्विचवर २० एपी होते आणि त्याची पीओईची (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची) एकूण क्षमता ३७० वॅट होती, म्हणजे प्रत्येक एपीच्या वाट्याला सरासरी साडेअठरा वॅट. दिवसा एपी १३-१४ वॅटवर भागवत. रात्री सगळे विद्यार्थी खोल्यांत परतले, की तोच आकडा १९-२० वर चढे आणि स्विच शेवटच्या क्रमांकाच्या पोर्टांची (केबल जोडण्याच्या खाचांची) वीज तोडून स्वतःला सावरी. सर्व पोर्टांना सारखाच अग्रक्रम दिलेला असल्यामुळे दर वेळी बळी त्याच खोल्यांचा जाई. सहा एपी दुसऱ्या स्विचवर हलवल्यापासून तेथून एकही तक्रार आलेली नाही. एपी किती वीज घेत आहे हे या यंत्रणेला माहीत असते, पण तो आकडा तीन पाने आत दडलेला आहे आणि त्याचा आलेख मिळत नाही, ही उणीव मोठी आहे.

दूरच्या इमारतीतील बिघाडाने मात्र आमची कसोटी पाहिली. तेथील एपी सलग चालू होते, पण कंट्रोलरला जोडले जात, त्याच्याकडून संरचना (सेटिंग) उतरू लागली की तुटत, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होई. पिंग (रस्ता तपासणारा, एरवी लहानसा चाचणी संदेश) व्यवस्थित जात असल्याने रस्ता स्वच्छ आहे, असा आमचा समज झाला होता. कंपनीच्या सेवा विभागाने पहिल्या तीन उत्तरांत फर्मवेअर (एपीतील अंगभूत सॉफ्टवेअर) बदलण्याचाच सल्ला दिला आणि आम्ही तो पाळलाही. फरक पडला नाही. चौथ्या वेळी ज्या अभियंत्याकडे प्रकरण गेले, त्याने एपीच्या स्विच पोर्टवर आणि कंट्रोलरच्या बाजूला एकाच वेळी पॅकेट टिपायला सांगितले. लहान पॅकेटे दोन्हीकडे दिसत होती, मोठी मात्र एपीकडून निघून कंट्रोलरपर्यंत पोहोचतच नव्हती. मग तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा (पुढे जोडलेली हेडरची माहिती धरून १५०० बाइटचा) पिंग पाठवला तेव्हा तो अडला. १३७२ चा गेला. त्या इमारतीची जोडणी काही आठवड्यांपूर्वी एन्क्रिप्टेड टनेलमधून (माहिती सांकेतिक रूपात नेणाऱ्या मार्गातून) नेली होती, टनेलचे स्वतःचे हेडर पॅकेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेतला वाटा खात होते आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा परतीचा आयसीएमपी संदेश (जाळ्याकडून येणारी अडचणीची सूचना) आमचाच फायरवॉल अडवत होता. तो संदेश मोकळा केला, त्या गटातील एपींची पॅकेट मर्यादा कमी केली आणि दुपारपर्यंत इमारत स्थिर झाली. त्या अभियंत्याचे काम पहिल्या प्रतीचे होते. त्याच्यापर्यंत पोहोचायला ११ दिवस लागले, हे सेवेचे अपयश आहे.

वापरकर्ते ‘वायफाय गेले’ म्हणतात तेव्हा एपी तुटलेलाच असतो असे नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारची चाहूल लागल्यास एपीला ते चॅनेल सोडावेच लागते, आणि त्याच प्रकारच्या नव्या चॅनेलवर जाण्यापूर्वी निदान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. यंत्रणा अशा घटना वेगळ्या रंगात दाखवते, त्यामुळे आमच्या मदत कक्षावरील मुलांनाही फरक लगेच कळतो.

एपीचे शेवटच्या क्षणांचे लॉग रीस्टार्टनंतर पुसले जातात, हा दोष अजून कायम आहे. आम्ही सर्व एपींचे लॉग नोंदी साठवणाऱ्या स्वतंत्र सिसलॉग सर्व्हरवर पाठवतो आणि सर्व उपकरणांची घड्याळे अचूक वेळ पुरवणाऱ्या एकाच एनटीपी सर्व्हरला जुळवली आहेत. तसे केले नाही, तर एपी, स्विच आणि फायरवॉल यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहताच येत नाहीत.

यंत्रणेचा सेवा करार आम्ही गेल्या महिन्यात पुढे चालू ठेवला. त्यात एक अट नव्याने घालून घेतली आहे: दोन्ही बाजूंची पॅकेट टिपणे तक्रारीसोबत जोडलेली असतील, तर ते प्रकरण पहिल्याच दिवशी वरिष्ठ अभियंत्याकडे गेले पाहिजे.