दहा महिने फुग्यावरचा स्वयंपाक

गेल्या मृगात गोठ्यामागं २ घनमीटरचा गोबरगॅसचा फुगा बसवला, म्हणजे शेण-पाणी आत कुजवून गॅस धरणारी मोठी कापडी पिशवी. औसा तालुक्यातलं गाव, घरात सहा माणसं, दावणीला दोन बैल, एक म्हैस, एक गाय. घ्यायच्या आधी बऱ्याच जणांना विचारलं. सगळे गॅसबद्दलच सांगायचे, पाण्याचं कुणी काढलं नाही. म्हणून हे लिहितोय.

या आकाराला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं आणि तेवढंच पाणी. विकणारा "दोन-तीन घागरी" म्हणाला होता. घागर केवढी ते त्यालाच ठाऊक. पावसाळ्यात ५० लिटरचं काही वाटलं नाही. फाल्गुनात बोअर दम खायला लागला तशी आई म्हणाली, "माणसाला न्हाई अन् तुझ्या फुग्याला पाणी?" २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं जिनं पाहिलंय, तिच्याशी काय वाद घालायचा? मग गोठ्यात फरशी घालून मूत्राची नाली शेण कालवायच्या हौदाला जोडली. फुग्यातून बाहेर पडणाऱ्या स्लरीवरचं, म्हणजे कुजून गॅस निघालेल्या शेणकाल्यावरचं पातळ पाणी परत शेण कालवायला घेऊ लागलो. आता ताजं पाणी २० लिटरच्या आत भागतं. मात्र तेच तेच घोळवत बसू नये, आठवड्यातून एकदा सगळं ताजं पाणी घालतो. आणि न्हाणीचं पाणी जोडायचा मोह होतो, तो टाळा. साबणानं आतले जिवाणू मरतात.

पहिल्या भरतीनंतर विसेक दिवसांनी फुगा टम्म झाला. मी काडी लावली, काहीच पेटलं नाही. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्यायचा असतो, हे नंतर कळलं. चारेक दिवसांनी निळी ज्योत आली.

खरी फजिती येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला झाली. शेतात पाहुणे भरपूर, भज्जी संपली, आंबील मात्र दोन घागरी उरली. खरकटं चालतं ना, म्हणून मी ती सगळी फुग्यात ओतली. तिसऱ्या दिवशी गॅस असून जळेना आणि हौदाला आंबूस वास. आत आम्ल वाढलं की मिथेन तयार करणारे जिवाणू काम सोडतात. त्यात थंडी, त्यांना ३० ते ४० अंशांची ऊब मानवते. आठ-दहा दिवस फुग्याचं खाणं बंद ठेवलं, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली, मग रोज पाटीभर ताज्या शेणापासून सुरुवात केली. पूर्वपदावर यायला महिना गेला. आता खरकटं रोज तांब्याभर, त्याहून जास्त नाही.

गॅस किती मिळतो? उन्हाळ्यात एक शेगडी साडेतीन तास, पौषात जेमतेम दीड. सिलिंडर आधी दीड महिन्याला लागायचा, आता चार महिन्यांनी. शेगडी मात्र गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यातून पुरेसा गॅस येत नाही. फुग्याला दाबही कमी, म्हणून वर वाळूची पोती ठेवलीत. ज्योत फुरफुरायला लागली की नळीत पाणी साचलंय समजा, खालच्या वळणावरून काढून टाका. भाकरीला आच कमी पडते अशी बायकोची तक्रार आहे आणि ती खरी आहे. चहा, वरण, भात, दूध फुग्यावर. भाकरी अजून तुराट्यांवरच.

उंदरांनी एकदा नळी कुरतडली. फुग्यावर उन्हासाठी शेडनेट मी नंतर घातलं, ते पहिल्या दिवशीच हवं होतं. कोपऱ्यात कापड पांढुरकं पडलंय. वॉरंटीबद्दल फोन केला की विकणारा "माणूस पाठवतो" म्हणतो. माणूस काही आला नाही.

एवढं असूनही फुगा काढणार नाही, आणि तो गॅससाठी नाही. स्लरीसाठी! आधी निम्म्या शेणाच्या गोवऱ्या व्हायच्या, उरलेलं उकिरड्यावर वर्षभर वाळायचं, आणि शेतात टाकलं की सोबत हुमणी अळी यायची. स्लरीला वास नाही, माश्या नाहीत, तणाचं बीही फारसं उगवत नाही. ती उन्हात पडू देत नाही, लिंबाच्या सावलीत खड्डा केलाय. वांग्याला आणि मेथीला यंदा तीच दिली, युरियाचं पोतं फोडलंच नाही. सोयाबीनला पुरेल एवढी निघत नाही, तो हिशेब चार जनावरांत बसत नाही.

तीनपेक्षा कमी जनावरं असतील किंवा उन्हाळ्यात टँकरवर भागत असेल तर एवढा फुगा घेऊ नका. गावातले दोघं बघायला आले होते. त्यांना आधी हौदापाशी नेलं, बादल्या मोजायला लावल्या. एकजण म्हणाला, पाऊस पडू दे, मग बघू.