ब्रिजर्टन, सीझन २ : तिसऱ्या भागासाठी तरी बघाच

या मालिकेचे पहिले दोन भाग मला तिचा नायक अँथनी ब्रिजर्टन डोक्यात गेला होता. साल 1814, लंडनमधला लग्नं जुळवायचा ‘सीझन’, आणि हे महाशय बायको शोधायला निघालेत ते यादी घेऊन. कर्तव्याला चुकणारी नको, मुलं होण्याजोगी हवी, डोकं निदान अर्धं तरी हवं. प्रेम यादीत नाहीच.

मग तिसऱ्या भागात ऑब्री हॉलची, म्हणजे ब्रिजर्टनांच्या गावाकडच्या वाड्याची, ती बाग येते. शिकारीहून परतताना अँथनीचे वडील बायकोसाठी फुलं खुडतात, मानेला मधमाशी चावते आणि दोन मिनिटांत माणूस संपतो, थोरल्या मुलाच्या हातांत. पुढचा प्रसंग मला जास्त लागला. आई बाळंतपणात अडलेली, आणि डॉक्टर या पोराला विचारतो, आई वाचवू की बाळ? त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी 19 वर्षांची. त्याच आठवड्यात बँकेचे कागद माझ्यापुढे आले, ‘आता तूच थोरली’ म्हणत. रडायचं राहूनच गेलं. त्यामुळे अँथनीची ती यादी, ते खेकसणं, सारखं वडिलांचं घड्याळ चाचपणं मला आपोआप कळलं.

जूलिया क्विनच्या मूळ कादंबरीत (2000) त्याला वाटत असतं, आपण वडिलांपेक्षा जास्त जगणार नाही. मालिकेत भीती वेगळी आहे: आपण गेलो तर मागे राहणारीचे आपल्या आईसारखे हाल होतील. मला हा बदल पटला. म्हणून तो जिच्यात गुंतत चाललाय त्या केटला मधमाशी चावते तेव्हा अँथनी झालेला जॉनथन बेली श्वास कोंडल्यासारखा उभा राहतो. ती म्हणतेय काही झालं नाही, पण त्याला ऐकूच जात नाही. शेवटी ती त्याचा हात आपल्या छातीवर ठेवते आणि आपला त्याच्या. अख्ख्या सीझनमध्ये याहून जवळीक मला कुठे दिसली नाही. केटही बिनबापाची, धाकटीसाठी स्वतःला बाजूला सारणारी थोरली. सिमोन अ‍ॅशलीनं ते मान ताठ ठेवून केलंय.

कुरकूरही आहे. केटच्या धाकट्या बहिणीशी, एडविनाशी, अँथनीचं लग्न ठरवून ते सहाव्या भागापर्यंत ताणलंय, आणि त्या बिचारीला अँथनी-केटचं सगळ्यात शेवटी कळतं. केट-एडविनाच्या शर्मा कुटुंबाची भाषा तर खिचडीच. वडिलांना ‘अप्पा’, बहिणीला बंगाली ‘बोन’, आणि एडविनाला म्हणे मराठीही येते! आठ भागांत एक वाक्य तरी ऐकवायचं होतं. हळदीचा प्रसंग मात्र गोड आहे, तक्रार नाही.

तिसरा भाग तीनदा पाहून झालाय. आठवा एकदाच, तोही भाजी निवडता निवडता.