पुणे ते बंगलोर, सत्तरीत गाडीने: कोल्हापूरवरून जावं की सोलापूरवरून?

लेक बंगलोरला व्हाइटफिल्डमध्ये, नात साडेचार वर्षांची, आणि आम्ही दोघं पुण्यात. हे बहात्तरचे, मी अडुसष्टची, माझे गुडघे दुखतात आणि ह्यांना शुगर आहे. आत्तापर्यंत दोनदा गाडीने जाऊन आलो, एकदा कोल्हापूर-बेळगाववरून आणि एकदा सोलापूर-विजापूरवरून, आणि तेव्हापासून सोसायटीत आमच्या वयाचं कुणीही तिकडे निघालं की विचारतात, काकू कुठला रस्ता बरा? प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी अंतर. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा नॅशनल हायवे 48 धरला तर साधारण 840 किमी. सोलापूर, विजापूर, होस्पेट करून चित्रदुर्गला त्याच हायवेला येऊन मिळालात तर 880 च्या पुढे जातं. म्हणजे चाळीसएक किमी जास्त, आणि मुलं लगेच म्हणतात की मग लांबून कशाला जाता. पण आपल्या वयात किमी मोजून उपयोग नाही, पाठीला धक्के किती बसतात, दर दोन तासांनी स्वच्छ बाथरूम मिळतं का आणि रात्री झोप कुठे होते हे बघायचं.

धक्क्यांच्या बाबतीत सोलापूरचा रस्ता सरळ सरळ जिंकतो. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम किती वर्षं चाललंय सगळ्यांना माहीत आहे, आम्ही गेलो तेव्हा दर थोड्या वेळाने डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, मध्येच खड्डा, आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत सहा तास गेले, माझी कंबर तिथेच संपली होती. उलट पुणे-सोलापूर 250 किमी साडेचार तासांत झालं, पुढे सोलापूर-विजापूर शंभर किमी चौपदरी, विजापूर ते होस्पेट चौपदरी, ट्रक कमी, घाट जवळजवळ नाहीच. कोल्हापूरच्या वाटेला खंबाटकी आणि निपाणीजवळचा तवंदी घाट लागतो, ज्यांना गाडी लागते त्यांनी हे लक्षात ठेवा.

पण सोय म्हणाल तर कोल्हापूरची वाट. दर पन्नास-साठ किमीला मोठं गाव, चांगलं हॉटेल, औषधांचं दुकान, बेळगावपर्यंत तर मराठीच चालते. आणि मुख्य म्हणजे दवाखाने: कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, सगळीकडे मोठी हॉस्पिटलं आहेत. ह्यांची शुगर निपाणीजवळ एकदम खाली आली होती, हात थरथरायला लागले, ग्लुकोज होतं जवळ म्हणून निभावलं, पण तासाभरावर बेळगाव आहे ह्या विचाराचा जो आधार वाटला तो मी विसरणार नाही. सोलापूरच्या वाटेवर विजापूर सोडलं की होस्पेटपर्यंत दोनशे किमी लहान लहान गावं, मध्ये मोकळं रान. 108 ची अँब्युलन्स कर्नाटकातही चालते, तरी ज्यांना हार्टचा त्रास आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांना मी ती वाट सांगणार नाही, कितीही गुळगुळीत असली तरी.

बाथरूमचंही तसंच. कोल्हापूर बाजूला फूड मॉल, पेट्रोल पंप भरपूर. विजापूरच्या पुढे पंप आहेत पण कमोड मिळेलच असं नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला ह्याचा अर्थ काय होतो ते तिलाच कळतं. आम्ही फोल्डिंगची कमोड खुर्ची डिकीत ठेवली, लाज वाटून घेऊ नका, खरंच ठेवा. पाणी कमी प्यायचं आणि वेळ मारून न्यायची हे तर अजिबात करू नका, तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलं आणि त्यात पाणी कमी पडलं की पायात रक्ताची गाठ व्हायची भीती असते. दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं.

मुक्काम. दोन दिवसांत पण होतं, आमच्या जावयांनी बेळगावला एक रात्र काढून केलंय, पण सत्तरीनंतर तीन दिवस धरा. कोल्हापूरवरून जाताना पहिली रात्र बेळगाव (340 किमी), दुसरी चित्रदुर्ग, तिसऱ्या दिवशी दोनशे किमी आणि जेवायला लेकीकडे. सोलापूरवरून पहिली रात्र विजापूर, दुसरी होस्पेट, पण मग तिसरा दिवस 335 किमीचा उरतो आणि नेमका शेवटीच थकवा येतो. इथे कोल्हापूरची वाट वयाला जास्त मानवते. खोली बुक करताना लिफ्ट आहे का आणि चालू आहे का असं दोन वेळा विचारा. एका हॉटेलात फोनवर हो हो म्हणाले आणि गेल्यावर तिसरा मजला, लिफ्ट बंद, रात्री नऊ वाजता मी एकेक पायरी बसत बसत चढले.

आता मनाचं. बेळगावला माझ्या वन्सं राहतात, आता ऐंशीच्या आहेत, त्यांना कुणी न्यायला नाही आणि त्या येऊ शकत नाहीत. त्यांच्याकडे एक रात्र राहिलो, दोघी पहाटेपर्यंत बोलत होतो, हे ट्रेनने किंवा विमानाने झालं नसतं. तुमची माणसं ज्या वाटेवर आहेत ती वाट घ्या, बाकीचं सगळं नंतर. माणसं कुठेच नसतील तर सोलापूरच्या वाटेवर बघायला खूप आहे. विजापूरचा गोल घुमट (वर चढू नका, जिने उभे आणि अरुंद आहेत, खालून बघितला तरी छाती दडपते), हायवेवरच इलकल, जिथे इरकली साड्या विणतात, मी तिथून लेकीला गर्भरेशमी घेतली, आणि मग हंपी. हंपीच्या विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी नेते, चालावं लागत नाही. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन गेले अशी आख्यायिका आहे, हे तिथल्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभे राहिले आणि डोळे पुसायला लागले. जेवायला जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, भरली वांगी, शेंगाचटणी, शुगरवाल्यांना एकदम सोयीचं.

ऋतू बघून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची वाट नकोच, 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं आणि वाहतूक बंद पडली होती. एप्रिल-मेमध्ये विजापूर-होस्पेट नको, चाळीसच्या वर तापतं. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्ही छान.

गाडी कोण चालवणार हे रस्त्यापेक्षा महत्त्वाचं. पहिल्या वेळी ह्यांनीच चालवली. पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते सगळं व्यवस्थित होतं, पण मोतीबिंदूनंतर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो हे ह्यांनी मला हुबळीजवळ अंधार पडल्यावर सांगितलं. दुसऱ्या वेळी आमच्याच गाडीवर ओळखीचा ड्रायव्हर घेतला, रोजचे पैसे, जेवण आणि रात्रीचा भत्ता वेगळा. टुरिस्ट टॅक्सीपेक्षा हे बरं, कारण परतीचे किमी भरावे लागत नाहीत आणि स्वतःच्या गाडीला फास्टॅगचा वर्षाचा पास (200 ट्रिप, नॅशनल हायवेवर, 2025 ला सुरू झाला तेव्हा 3000 रुपये होता) चालतो, टॅक्सीला चालत नाही. पाच वाजता गाडी थांबलीच पाहिजे, मग ड्रायव्हर कितीही ताजातवाना असो.

व्हाइटफिल्डकडे जाणाऱ्यांनी बंगलोर शहरात शिरू नका, तुमकूरच्या पुढे डाबसपेटहून दोड्डबळ्ळापूर-होसकोटेचा रिंग रोड घ्या, आमचे दीड तास वाचले.

ट्रेनचं एकाच वाक्यात सांगते, उद्यान एक्स्प्रेस पुण्याहून वीसएक तास घेते, लोअर बर्थचा कोटा आहे पण ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, आणि ज्यांना तीन दिवस गाडीत बसणं डॉक्टरांनी नको सांगितलंय त्यांनी ट्रेननेच जावं.

आमचं डिसेंबरचं ठरलंय. जाताना सोलापूर, कारण पाठ ताजी असताना लांबचा शेवटचा दिवस झेपतो, आणि येताना बेळगाव. वन्संना फोन करून झाला, त्या आत्तापासून विचारतायत की किती दिवस राहणार, मी दोन सांगितलेत आणि ह्यांना तीन.