दोन दोरीची स्टंट पतंग, आठ महिन्यांनंतर: मी उगाच पतंगीला शिव्या देत होतो

मागच्या दिवाळीनंतर ऑनलाइन मागवली होती. आता जुलै लागला, पाऊस सुरू झाला अन् पतंग कपाटावर गेली, तर म्हटलं आता लिहून टाकू. घेताना मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे डबा उघडल्या दिवशीचे, रंग छान आहे, डिलिव्हरी वेळेत आली वगैरे, त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मला पाहिजे होतं की ही उडत नसली तर काय पाहायचं, अन् ते कोणी लिहिलंच नव्हतं.

तर वस्तू अशी आहे. डेल्टा म्हणजे त्रिकोणी आकार, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दीड मीटरच्या वर, कापड रिपस्टॉपचं म्हणजे सहजी न फाटणारं, काड्या फायबरग्लासच्या, सोबत २५ मीटरच्या दोन पॉलिस्टरच्या दोऱ्या अन् हातात घालायचे दोन पट्टे. साडेचार हजाराच्या आत पडली. कंपनीचं नाव नाही लिहीत, कारण पुढे जे सांगणार आहे ते या भावातल्या कोणत्याही पतंगीसोबत होऊ शकते.

मी नागपुरातल्या महालातला माणूस, लहानपणी संक्रांतीच्या आधी जुनी शुक्रवारीत पतंगीच्या दुकानांत चकरा मारण्यात अन् गच्चीवर ओ काट करण्यात डिसेंबर-जानेवारी जायचा. त्यामुळे वाटलं पतंग म्हणजे पतंग, अर्ध्या तासात हात बसून जाईल. बाप्पा! उलट तोच जुना हात आडवा आला. आपल्या पतंगीत सगळा खेळ ढील अन् खेच यांचा, चक्री कोणीतरी धरून असते, पतंग गोते खायला लागली की आपण खेचतो. इथे ढील द्यायला चक्रीच नाही. दोन्ही दोऱ्या कायम तेवढ्याच लांबीच्या, उजवी ओढली की उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे, दोन्ही सारख्या ठेवल्या की नाक जिकडे आहे तिकडे सरळ जाते. बैलाचे कासरे धरल्यासारखं समजा. अन् पतंग जमिनीकडे यायला लागली तर खेचायचं नाही, उलट दोन्ही हात पुढे सोडून दोन-चार पावलं तिच्याकडे पळायचं, म्हणजे तिचा जोर निघून जाते अन् ती हळू पडते. खेचलं की ती अजून जोरात येऊन नाकावर आदळते. हे डोक्याला दोन दिवसात समजलं, हाताला समजायला फेब्रुवारी उजाडला.

पण माझा खरा घोळ हा नव्हताच. माझी पतंग उठायची, पाच-सहा मीटर वर जायची, डावीकडे वळायची अन् मातीत. पुन्हा उभी करा, पुन्हा डावीकडे, पुन्हा मातीत. नोव्हेंबर, डिसेंबर, दोन महिने हेच. आधी हवेला दोष दिला, अन् तो थोडा बरोबरही होता कारण आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी पान हलत नाही अन् या साइजच्या पतंगीला ताशी १० किलोमीटरच्या आसपास तरी वारा लागतेच. मोबाइलवर १२ दाखवते म्हणून जावं तर मैदानात काहीच नाही, कारण तो आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असते, आपल्या डोक्याजवळ तेवढा नसते. मग स्वतःच्या हाताला दोष दिला. मग पतंगच डिफेक्टिव्ह आहे असं ठरवून एक स्टारचा रिव्ह्यू लिहायला बसलो होतो, परत करायची मुदत तर कधीचीच संपली होती.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, तो सोबत यायचा आणि कंटाळून धसकटावर बसून राहायचा. एक दिवस म्हणे, "मामा, दोऱ्या अदलाबदल करून पाह ना, डावी उजवीकडे लाव." मी म्हटलं त्यानं काय होणार बे, दोऱ्या तर दोन्ही सारख्याच आहेत. तरी केलं, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. पतंग उठली अन् उजवीकडे वळून मातीत गेली.

मी दोन मिनिटं तसाच उभा. दोरी बदलल्यावर खोटही बाजू बदलून गेली म्हणजे पतंग निर्दोष, दोरीत खोट. दोऱ्या बदलूनही ती डावीकडेच पडली असती तर पतंगीत काहीतरी असतं, कन्नी (पतंगीलाच बांधलेली दोरी, जिला उडवायची दोरी जोडतात ती) नाहीतर काडी. एवढी साधी तपासणी, भैताडासारखे दोन महिने घालवले मी. कोणाची पतंग एका बाजूला जात असेल तर पहिले हेच करा, बाकी सगळं नंतर.

मग खुंटी ठोकली, दोन्ही दोऱ्यांचे शेवट एकाच खुंटीत अडकवले, २५ मीटर मागे जाऊन दोन्ही पट्टे एकत्र ताणले. सहा सेंटिमीटरचा फरक! डावी तोकडी. म्हणजे मी हात सारखे धरले तरी पतंगीला मी कायम डावी ओढून राहिलो असंच वाटत होतं. थोडा फरक येतानाच असावा, बाकीचा मीच वाढवला, कारण ती डावीकडे जाते म्हणून मी उजवी जोर लावून ओढत राहायचो, पॉलिस्टर नवीन असताना ताणते, तर उजवी अजून लांब होत गेली. जेवढी दुरुस्ती करायला जावं तेवढं बिघडत होतं.

उपाय सोपा आहे. पट्ट्याच्या पुढे जी जाड दोरीची शेपटी असते तिच्यावर एकेक सेंटिमीटरवर गाठी मारून ठेवा, अन् दोरीचा फास, लार्क्स हेड म्हणतात तो, हातापासून दूरच्या गाठीमागे नेला की ती दोरी तेवढी लांब होते. डावी सहा गाठी पुढे नेली अन् त्याच संध्याकाळी पहिल्यांदा पतंग सरळ डोक्यावर जाऊन थांबली. भाच्याने ओ काट ओरडून घेतलं, कोणाची कटली नव्हती तरी.

जानेवारीत दोऱ्याच बदलल्या, डायनीमा नावाच्या सिंथेटिक धाग्याच्या, १५० पौंडांचा ताण सोसणाऱ्या घेतल्या, २५ मीटरच्याच. पतंगीवर खर्च केला त्यापेक्षा हा खर्च जास्त कामी आला. डायनीमा ताणत नाही म्हटलं तरी चालेल, नवीन असताना थोडी बसते, म्हणून पहिल्या दिवशी खुंटीला लावून पाच-दहा मिनिटं अंगाचा भार देऊन ताणा अन् मग लांबी जुळवा. दुसरा फायदा घसरटपणा. एकाच दिशेने पतंग गोल गोल फिरवली की दोन दोऱ्यांना पीळ बसते, पॉलिस्टरला तीन-चार पिळातच हात जड व्हायचा आणि पतंग ऐकेनाशी व्हायची, डायनीमात आठ-दहा पीळ असले तरी दोऱ्या एकमेकींवरून सरकतात. उलट दिशेने तेवढेच गोल मारले की पीळ निघून जाते, जमिनीवर उतरवून सोडवत बसायला लागत नाही. पण हा धागा पॉलिथिनच्या कुळातला, साधारण १५० अंशाला वितळते, त्यामुळे कोणाचा दुसरा धागा आडवा घासला की घर्षणानेच कटते. अन् नुसती गाठ मारली तर गाठीपाशी कमजोर होते, म्हणून टोकाला फासाच्या जागी वरून जाड म्यान चढवलेलं असते, ते काढून फेकू नका. मी एकदा काढलं होतं, का ते विचारू नका.

गुंडाळताना आठाच्या आकारात गुंडाळा, चक्रीसारखं गरगर नको. वावरात सोयाबीन निघाल्यावर जी धसकटं राहतात त्यात दोरी अशी अडकते की सोडवता सोडवता सूर्य बुडते, त्यामुळे दोऱ्या पसरायच्या आधी जागा पाहून घ्या.

आता कन्नी. इथे मात्र जुना अनुभव कामी आला. आपण पतंगीची कन्नी बांधताना वरची-खालची बोटाने मोजतो ना, तेच तत्त्व. या पतंगीला दोन बाजूंना दोन कन्न्या, प्रत्येकीचे तीन पाय, अन् जिथे दोरी जोडायची ती गाठ सरकवता येते. नाकाकडे सरकवली की पतंग कमी वाऱ्यातही लवकर वर चढते, खाली शेपटीकडे सरकवली की ओढ वाढते अन् वळण तिखट होते पण तेवढा वारा पायजे. फार खाली गेली तर उठतच नाही, नुसती थरथरते. मी पहिल्यांदा एकदम दोन सेंटिमीटर सरकवली अन् सगळा सत्यानाश, एका वेळी पाच मिलिमीटर म्हणजे खूप झालं. दोन्ही बाजूंना सारखंच, अन् मूळ जागी मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं स्केल घेऊन वावरात बसावं लागेल.

काड्यांचं थोडक्यात सांगतो. आडवी खालची काडी मधल्या रबरी जोडातून थोडी जरी बाहेर आली तरी एका बाजूचं कापड ढिलं पडते अन् पतंग फडफडते, प्रत्येक आपटीनंतर तिथे बोट फिरवून पाहायचं. कापड फुगवून धरणाऱ्या दोन छोट्या काड्या असतात, त्यातली डावी माझी आजही सुटते. मार्चमध्ये खालची काडी मोडली तर ती घेऊन जुनी शुक्रवारीत गेलो, एका ओळखीच्या पतंगवाल्या काकांनी हातात घेऊन वाकवली, म्हणे एवढ्या कमानी कशाला लागतात हिला, अन् बांबूची घासून दिली. उडाली त्याच्यावर! जड झाली होती, पण दोन आठवडे काढले. नंतर त्याच जाडीची कार्बनची नळी मागवली. ती कापताना तोंडाला रुमाल बांधा अन् पाणी टाकून कापा, तिची भुकटी अन् कुसं दोन्ही वाईट.

कुठे उडवायची हा नागपुरात मोठा प्रश्न आहे. पहिल्यांदा कस्तुरचंद पार्कला गेलो होतो, आजूबाजूच्या इमारती अन् झाडांमुळे तिथे वारा गोल गोल फिरते, झाड जेवढं उंच त्याच्या सात-आठ पट अंतरापर्यंत वाऱ्याचा भरवसा नाही. वर्धा रोडकडे मैदानं आहेत पण विमानतळ आहे, तिकडे नकोच. २०२४ संपेपर्यंत चाललेल्या १९३४ च्या विमान कायद्यात विमानाच्या व्याख्येतच पतंग यायची हे मला यावर्षी कळलं, म्हणजे गच्चीवर आम्ही सगळे लहानपणी पायलट होतो. शेवटी काटोल रोडला फेटरीच्या पुढे मित्राचं वावर आहे, तिथेच जातो. विजेचे तार नाहीत हे आधी पाहिलं.

अन् एक गोष्ट स्पष्ट लिहितो. डायनीमावर काच नाही, मांजा नाही, कोणाची काटायची नाही, हे सगळं खरं. पण धागा सिंथेटिकच आहे, अन् राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये पतंगीच्या नायलॉन अन् सिंथेटिक धाग्यावर बंदी घातली ती उगाच नाही. ताणलेली दोरी गळ्याला लागली तर काच नसूनही कापते. म्हणून शहरात, रस्त्याजवळ, गर्दीत मी ही काढतच नाही, संक्रांतीच्या दिवसात तर डब्यातूनही नाही, अन् वावरातही दोऱ्यांच्या समोरून कोणी माणूस की जनावर चाललं की आधी उतरवतो. आकाशात घार घिरट्या घालत असली तरी थांबतो. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर त्यानं ही घेऊच नये.

हवेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊन मूर्खपणा केला, ऊन ४४-४५, जमीन तापते अन् वारा एक मिनिट मेलेला, दुसऱ्या मिनिटाला झटका. एकदा वावटळीनं पतंग उचलून सरळ बाभळीत टाकली. संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र बरं असते. सगळ्यात मस्त दिवस जूनचे पहिले दोन आठवडे होते, पश्चिमेकडून एकसारखा वारा, वावधन म्हणजे वादळ यायच्या आधी तासभर मिळाला तरी महिनाभराची कसर निघाली. ढग गडगडले की मात्र तडक गुंडाळा.

मेमध्ये एका मित्राची चार दोरीवाली पण उडवून पाहिली. दोन हातात दोन दांडे, प्रत्येकाला वरची अन् खालची दोरी, खालची म्हणजे ब्रेक. ती हवेत जागच्या जागी थांबते, मागे मागे येते, उलटी उभी राहते, पाहणारा येडा होते. पण तिथेही तेच. आमची उठतच नव्हती, मागे झुकून बसून जायची, अर्धा तास वाऱ्याला शिव्या दिल्या, मग लक्षात आलं की ब्रेकच्या दोऱ्या दोन गाठी आखूड लागल्या आहेत. सोडल्या अन् उठली. चार दोऱ्या खुंटीला लावून जुळवायला दोनपेक्षा दुप्पट नाही, चौपट वेळ लागते हे लक्षात असू द्या.

घ्यावी का? ज्याला मोकळी जागा अन् बिघाड शोधत बसायचा धीर आहे त्यानं घ्यावी, पण बजेटमधले हजार-दीड हजार आधीच चांगल्या दोऱ्यांसाठी बाजूला ठेवा. पतंगीला पाचपैकी चार, सोबत आलेल्या दोऱ्यांना एक, तोही पट्टे बरे होते म्हणून.

सध्या दोऱ्या साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवून ठेवल्या आहेत, डाव्या पट्ट्यावर भाच्याने लाल सुतळी बांधली आहे म्हणजे पुन्हा गोंधळ नको. पोळा झाला की चार दोरीवाली घ्यायची असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं आहे, किंमत त्याच्या आईला अजून सांगितली नाही.